आमवातात सांध्यांची सोनोग्राफी: सूज मोजण्याचा आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचा योग्य क्रम

आमवाताच्या रुग्णांच्या फायलीत सांध्यांच्या सोनोग्राफीचे दोन-दोन, तीन-तीन रिपोर्ट असतात; पण ते शेजारी ठेवले तरी सूज वाढली की उतरली हे सांगता येत नाही, असे वारंवार घडते. एक रिपोर्ट उजव्या मनगटाचा असतो, दुसरा डाव्या गुडघ्याचा. एकात डॉपलरचा, म्हणजे सांध्यातला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या पाहणीचा उल्लेख असतो, दुसऱ्यात नसतो. एकात श्रेणी दिलेली असते, तर दुसऱ्यात ‘किंचित सूज आढळते’ एवढेच मोघम वाक्य असते. खर्च होतो, रजा जाते, आणि औषध बदलायचे की तेच चालू ठेवायचे हा मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो. म्हणून ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि प्रत्येक टप्प्यावर काय पडताळावे, हे रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि त्यांना तपासणीसाठी पाठवणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी येथे दिले आहे. सगळे विवेचन आमवाताबद्दल, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल आहे. गाऊट किंवा सांध्यांची झीज यांत सोनोग्राफीवर वेगळ्या खुणा शोधाव्या लागतात.

1. आधी प्रश्न ठरवा, मग तपासणी

सांध्यांच्या सोनोग्राफीकडून प्रामुख्याने तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात. पहिला, बोटांनी चाचपून सूज आहे की नाही याची खात्री पटत नसेल, तर आत खरोखर दाह आहे का. दुसरा, सुरू केलेल्या औषधाने दाह उतरतो आहे का. तिसरा, रुग्णाला बरे वाटत असताना आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले असताना आत दाह शिल्लक आहे का. औषध कमी करण्याचा विचार सुरू झाला की हा प्रश्न येतो. यांपैकी कोणत्या प्रश्नासाठी तपासणी करायची आहे हे पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले नाही, तर सोनोग्राफी करणारे डॉक्टर दुखऱ्या जागेवर एकदा प्रोब (त्वचेवर टेकवायचे उपकरण) फिरवून सर्वसाधारण वर्णन लिहून देतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

चिठ्ठी साधारण अशी असावी: ‘आमवात. मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वीची पहिली तपासणी. पुढे दिलेल्या सांध्यांची ग्रे-स्केल आणि पॉवर डॉपलर सोनोग्राफी करावी. प्रत्येक सांध्याला दोन्हींची 0 ते 3 श्रेणी स्वतंत्र द्यावी. टेंडनच्या आवरणाची सूज आणि हाडावरील झीज यांची नोंद करावी.’ यातले मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध, ग्रे-स्केल म्हणजे साधे काळे-करडे चित्र, पॉवर डॉपलर म्हणजे रक्तप्रवाहाची पाहणी आणि टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर.

*इशारा:* पहिली तपासणी औषध सुरू होण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी व्हायला हवी. कमरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन चार दिवसांनी केलेली सोनोग्राफी तुलनेचा पाया म्हणून निरुपयोगी असते, कारण दाह तात्पुरता दबलेला असतो आणि पुढची प्रत्येक तपासणी त्या फसव्या आकड्याशी ताडली जाते. तरीही वेदना असह्य असताना केवळ तपासणीसाठी उपचार लांबवू नयेत; अशा वेळी इंजेक्शनची तारीख रिपोर्टवर लिहून घ्यावी.

2. केंद्र आणि मशीन निवडणे

गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली आपल्याकडे सोनोग्राफीच्या मशीनची नोंदणी सक्तीची आहे, मग ते फक्त सांध्यांसाठी वापरायचे असले तरी. त्यामुळे पुष्कळ संधिवाततज्ज्ञ स्वतःचे मशीन न ठेवता रुग्णाला सोनोग्राफी केंद्रात पाठवतात, आणि तिथले बहुतेक काम पोटाचे आणि गरोदर स्त्रियांचे असते. पोटासाठी वापरला जाणारा बाकदार, कमी वारंवारितेचा प्रोब बोटांच्या सांध्यांसाठी चालत नाही. त्याच्या ध्वनिलहरी खोलवर जातात, पण त्वचेखाली काही मिलिमीटरवर असलेले बारीक तपशील त्या टिपू शकत नाहीत. बोटे, मनगट आणि पाऊल यांसाठी सरळ तोंडाचा, साधारण 12 ते 18 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारितेचा प्रोब लागतो.

वेळ ठरवण्यापूर्वी फोनवर एवढे विचारून घ्यावे: आमवातासाठी सांध्यांची सोनोग्राफी नियमित होते का, पॉवर डॉपलर वापरून 0 ते 3 श्रेणी देता का, आणि पुढच्या वेळीही तेच डॉक्टर, तेच मशीन मिळेल का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. डॉपलरची संवेदनशीलता मशीनगणिक बदलते. जुन्या मशीनवर न दिसणारा रक्तप्रवाह नव्या मशीनवर ठळक दिसू शकतो. अशा वेळी रिपोर्टमध्ये आजार ‘वाढलेला’ दिसतो, प्रत्यक्षात मशीन बदललेले असते.

3. कोणते सांधे पाहायचे ते एकदाच ठरवा

शरीरातले सगळे सांधे प्रत्येक वेळी पाहणे शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. जर्मनीत 2009 मध्ये मांडलेली सात सांध्यांची पद्धत दैनंदिन कामासाठी सोयीची आहे. तिच्यात ज्या बाजूला त्रास जास्त आहे त्या बाजूचे मनगट, तर्जनी आणि मधले बोट यांचे मुळाकडचे व मधले सांधे, आणि पायाच्या दुसऱ्या व पाचव्या बोटाचे मुळाकडचे सांधे पाहिले जातात. अनुभवी हाताला यासाठी साधारण 10 ते 20 मिनिटे लागतात. यात रुग्णाचा सर्वाधिक त्रासदायक सांधा, उदाहरणार्थ गुडघा किंवा घोटा, जोडून घ्यावा आणि ती यादी फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

पायाचे सांधे वगळण्याची चूक फार होते. बाह्यरुग्ण विभागात आजाराची तीव्रता मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डॅस-28 या मापनात पावलाचे सांधे धरलेले नाहीत. त्यामुळे चवड्याखाली खडा टोचल्यासारखे दुखत असूनही रुग्णाचा आकडा ‘आटोक्यात’ दिसू शकतो. सोनोग्राफीतूनही पाऊल गळले, तर तो दाह कुठेच नोंदला जात नाही.

*तपासा:* पुढच्या वेळी दुखरा सांधा बदलला तरी मूळ यादी बदलायची नाही. नवा सांधा यादीच्या शेवटी जोडायचा.

4. तपासणीच्या दिवसाची तयारी

सोनोग्राफी म्हटले की उपाशीपोटी यायचे आणि भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची, हे पोटाच्या तपासणीमुळे लोकांच्या मनात बसले आहे. सांध्यांच्या सोनोग्राफीला यांतले काहीही लागत नाही. नाश्ता करून आणि नेहमीची औषधे घेऊन यावे. मात्र पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

तपासणीच्या दिवशी सकाळी सांध्यांना गरम पाण्याचा शेक, तेलाचे मालिश, बाम किंवा कपडे पिळण्यासारखे जड काम टाळावे. उष्णता आणि हालचाल यांमुळे रक्तप्रवाह वाढतो, आणि डॉपलर नेमका तोच मोजतो. उलट थंडीत दुचाकीवरून आल्यावर गार पडलेल्या हातांमध्ये तोच प्रवाह कमी दिसतो. म्हणून केंद्रात पोहोचल्यावर हात-पाय खोलीच्या तापमानाला येईपर्यंत किमान 15 मिनिटे शांत बसावे. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट हातावर येत असेल, तर जागा बदलावी.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आणि पायातली जोडवी घरीच काढून ठेवावीत. सोनोग्राफीत धातूमुळे इजा होत नाही, पण जोडवे दुसऱ्या बोटात असते आणि प्रोब त्याच बोटाच्या मुळाशी सपाट टेकवायचा असतो. सुजलेल्या बोटातली अंगठी ऐनवेळी ओढून काढण्यात सांधा दुखावतो, तो त्रासही वाचतो.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल अधिक काळजी घ्यावी लागते. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांसारख्या गोळ्यांमुळे सांध्यातील सूज आणि डॉपलरवरील रक्तप्रवाह दोन्ही कमी दिसू शकतात. तपासणीपूर्वी त्या थांबवायच्या का, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे आणि जे ठरेल ते दर वेळी सारखेच पाळावे. थांबवायच्या नसतील, तर गोळीचे नाव, मात्रा आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ कागदावर लिहून न्यावी.

*इशारा:* मेथोट्रेक्सेट, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) किंवा इतर कोणतेही आमवाताचे औषध तपासणी ‘खरी यावी’ म्हणून स्वतःहून बंद करू नये. बरेच दिवस चालू असलेले प्रेडनिसोलोन एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. शिवाय चालू औषधावर सांध्याची स्थिती काय आहे, हेच तर आपल्याला पाहायचे असते.

5. खोलीतला क्रम: आधी ग्रे-स्केल

हात टेबलावर सैल, तळवा खाली करून ठेवावा. बोटे ताणलेली किंवा मुडपलेली नसावीत, कारण सांधा वाकला की त्याचे अस्तर (सांध्याच्या आतील पातळ पडदा) ताणले जाते आणि त्यातील बारीक रक्तवाहिन्या दबतात. गुडघ्याच्या बाबतीत पाणी शोधण्यासाठी तो साधारण 30 अंशांत वाकवतात आणि डॉपलरच्या वेळी सरळ, सैल ठेवतात.

पहिली पाहणी नेहमी काळ्या-करड्या चित्राची, म्हणजे ग्रे-स्केलची असते. मधल्या बोटाच्या मुळाकडचा सांधा उभ्या छेदात पाहिला, तर पडद्यावर दोन हाडांच्या चकचकीत पांढऱ्या कडा दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक काळी खाच. वर बारीक तंतूंच्या पट्ट्यासारखा टेंडन असतो. निरोगी सांध्यात टेंडन आणि हाड यांच्यामध्ये फारसे काही दिसत नाही. दाह असेल, तर खाचेतून एक काळपट फुगवटा वर येऊन टेंडनला उचलतो. हे जाड झालेले अस्तर आहे की साठलेले पाणी, हे ठरवण्यासाठी प्रोबने हलका दाब देतात. पाणी बाजूला सरते, अस्तर जागचे हलत नाही.

प्रत्येक सांधा उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही छेदांत पाहायला हवा. हाडाच्या कडेतील खाच झीज म्हणून नोंदायची, तर ती दोन्ही छेदांत दिसावी लागते. मनगटात टेंडनच्या आवरणाची सूज वेगळी पाहावी, कारण कित्येकदा सांधा बरा असतो आणि दुखणे टेंडनचे असते.

6. मग डॉपलर: इथे सर्वाधिक चुका होतात

अस्तर जाड दिसले याचा अर्थ दाह आत्ता सक्रिय आहे, असा होत नाही. जुन्या दाहाने जाड झालेले अस्तर पुढे निपचित पडलेले असू शकते. सक्रिय दाहात अस्तरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पॉवर डॉपलर त्यांतला प्रवाह नारिंगी-लाल ठिपक्यांच्या रूपात दाखवतो. म्हणून ‘आजार चालू आहे का’ या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः याच टप्प्यावर अवलंबून असते.

या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक म्हणजे दाब. बोटाच्या सांध्यातील या वाहिन्या इतक्या नाजूक असतात, की प्रोबच्या नुसत्या वजनानेही त्या मिटतात आणि सक्रिय सांधा शांत दिसतो. यासाठी जेलचा जाड थर द्यावा लागतो आणि प्रोब त्या थरावर तरंगता ठेवावा लागतो. रुग्णालाही हे पडताळता येते: पडद्यावर चित्राच्या अगदी वरच्या बाजूला त्वचेच्या वर जेलचा काळा पट्टा दिसायला हवा. तो पट्टा नाहीसा झाला, तर दाब पडतो आहे. ‘डॉक्टर, जेल थोडे जास्त घेता का?’ असे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

मशीनच्या जुळणीत पीआरएफ (ध्वनिस्पंद पाठवण्याची वारंवारिता) कमी, साधारण अर्धा ते एक किलोहर्ट्झ, आणि वॉल फिल्टर (मंद हालचालीचे संकेत गाळणारी जुळणी) कमीत कमी ठेवतात, कारण इथला प्रवाह मंद असतो. मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी लावलेली जुळणी तशीच राहिली, तर सांध्यातला प्रवाह दिसत नाही. गेन (संकेत ठळक करणारी जुळणी) आधी पडद्यावर रंगाचा कचरा दिसेपर्यंत वाढवतात आणि मग तो नाहीसा होईपर्यंत हळूहळू उतरवतात. डॉपलरची चौकट त्वचेपर्यंत वर घ्यावी, म्हणजे वरच्या एखाद्या वाहिनीचे खाली उमटलेले खोटे प्रतिबिंब ओळखता येते. एकदा जुळवलेली मांडणी आमवातासाठी वेगळ्या नावाने मशीनमध्ये साठवून ठेवली, तर पुढच्या वेळी पुन्हा तीच वापरता येते.

डॉपलर चालू असताना रुग्णाने बोलू नये आणि बोट हलवू नये. हालचालीने पडद्यावर रंगाचा लोट क्षणभर उमटतो. खरा प्रवाह त्याच जागी राहून नाडीच्या तालात दिसतो.

*तपासा:* रंग अस्तराच्या आतच आहे का? हाडाच्या पांढऱ्या रेषेखाली दिसणारा रंग बहुतेक वेळा प्रतिबिंब असतो, आणि सांध्याबाहेरून जाणारी नेहमीची रक्तवाहिनी दाहात मोजायची नसते.

7. श्रेणी देणे

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युलर (युरोपातील संधिवाताची संघटना) आणि ओमेरॅक्ट (संधिवातातील मापने ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) यांच्या सहमतीच्या व्याख्या आज सर्वत्र वापरल्या जातात. ग्रे-स्केलमध्ये दोन्ही हाडांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरतात. अस्तराची जाडी नसेल तर 0; जाडी त्या रेषेपर्यंतच असेल तर 1; रेषेच्या वर गेली, पण वरची कड सपाट किंवा आत दबलेली असेल तर 2; आणि वरची कड बाहेर फुगलेली असेल तर 3.

डॉपलरमध्ये प्रवाह नसेल तर 0. तीनपर्यंत सुटे ठिपके, किंवा एक मिसळलेला आणि दोन सुटे, किंवा दोनपर्यंत मिसळलेले ठिपके असतील तर 1. त्याहून जास्त, पण जाड अस्तराच्या निम्म्या भागापर्यंत असेल तर 2, आणि निम्म्याहून अधिक भाग रंगाने व्यापला असेल तर 3.

ग्रे-स्केल 1 आणि डॉपलर 0 हा निष्कर्ष पाहून घाबरू नये. निरोगी माणसांतही, विशेषतः पावलाच्या सांध्यांत, एवढा बदल आढळतो.

8. केंद्रातून निघण्यापूर्वी

रिपोर्ट हातात आल्यावर तिथेच पाच मिनिटे बसून वाचावा. घरी आल्यावर लक्षात आलेली त्रुटी भरून निघत नाही. सांध्याचे नाव आणि बाजू, दोन्ही श्रेणी, टेंडन आणि हाडाची झीज यांबद्दलचे वाक्य, मशीनचे मॉडेल, तपासणीची वेळ आणि चालू औषधे एवढे त्यात हवे. प्रत्येक सांध्याचे डॉपलरसह चित्रही मागून घ्यावे. छापील कागदावरचा रंग फिका पडतो, म्हणून चित्रे सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घेणे चांगले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत बारीक ठिपके बुजतात.

9. पुढची तपासणी कधी आणि तुलना कशी

मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात. महिनाभरात पुन्हा सोनोग्राफी करून ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढणे हा औषधावर अन्याय आहे. पहिल्या तपासणीनंतर तीन महिन्यांनी दुसरी, आणि औषध बदलले तर त्यानंतर पुन्हा तीन महिन्यांनी, हे अंतर बहुतेकांना पुरते. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असेल, तर त्या सांध्याची श्रेणी काही आठवडे औषधाबद्दल काहीच सांगत नाही. तुलनेत तो सांधा वेगळा धरावा.

तुलनेसाठी वहीत एक साधा तक्ता करावा: डावीकडे सांध्यांची नावे, वर तारखा, आणि प्रत्येक घरात ग्रे-स्केल व डॉपलरचे दोन आकडे. डॉपलरचा आकडा तुलनेने लवकर उतरतो, ग्रे-स्केलचा सावकाश. म्हणून 3 आणि 3 चे 2 आणि 0 झाले, तर ती चांगली सुधारणा आहे. एकाच सांध्यात डॉपलर 0 चा 1 झाला, तर तो तपासणीतला नेहमीचा फरकही असू शकतो. अनेक सांध्यांत तीच दिशा दिसली, तर मात्र दखल घ्यावी.

10. चित्रावरून एकट्याने निर्णय नको

सोनोग्राफीत ठिपका दिसला म्हणून औषध वाढवावे का? या प्रश्नावर नीट अभ्यास झालेले आहेत. नॉर्वेतील आर्क्टिक चाचणीत (2016) सुरुवातीच्या आमवाताच्या रुग्णांच्या एका गटाचे उपचार सोनोग्राफी पाहून आणि दुसऱ्या गटाचे केवळ काटेकोर वैद्यकीय तपासणीवरून ठरवले गेले. सोनोग्राफीच्या गटाला अधिक तीव्र औषधे मिळाली, पण आजार शमण्याचे मुख्य निष्कर्ष सरस ठरले नाहीत. डेन्मार्कमध्ये एमआरआयच्या आधारे उपचार ठरवण्याच्या इमॅजिन-आरए चाचणीतही (2019) मुख्य निष्कर्षांवर फायदा दिसला नाही. म्हणून नियमित तपासणी, सुजलेल्या व दुखऱ्या सांध्यांची मोजणी आणि ईएसआर किंवा सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या हाच पाया राहतो. जिथे या तिन्हींचा मेळ बसत नाही, तिथे सोनोग्राफीचे खरे मोल आहे. उदाहरणार्थ, रुग्णाला खूप दुखते, डॅस-28 चा आकडा मोठा येतो, पण सर्व सांध्यांत डॉपलर 0 आहे. अशा वेळी दुखण्याचे कारण फायब्रोमायाल्जिया (दाह नसताना अंगभर दुखण्याचा आजार) किंवा सांध्यांची झीज असू शकते, आणि आमवाताचे औषध वाढवून दुष्परिणामच पदरी पडतात.

11. एक्स-रे आणि एमआरआय केव्हा

एक्स-रेवर दाह दिसत नाही. दाहाने केलेले नुकसान दिसते. सुरुवातीला दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांचा एक्स-रे काढून ठेवावा आणि आजार सक्रिय असताना साधारण वर्षाने पुन्हा काढावा. दर तीन महिन्यांनी एक्स-रे काढून काही हाती लागत नाही.

एमआरआयवर हाडाच्या आतली सूज दिसते, जी सोनोग्राफीला अजिबात दिसत नाही, कारण ध्वनिलहरी हाडाच्या पृष्ठभागावरूनच परततात. ही सूज पुढे हाडाची झीज होण्याची पूर्वसूचना असते. निदान अनिश्चित असेल, किंवा मान, खुबा अशा सोनोग्राफीला अवघड जागी दाहाची शंका असेल, तर एमआरआय करावा. अस्तराचा दाह नीट पाहण्यासाठी गॅडोलिनियम या चित्र ठळक करणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन लागते. त्यापूर्वी क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याची खात्री करावी. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला कोणताही धातू यांची माहिती वेळ ठरवतानाच द्यावी. इंजेक्शननंतरची चित्रे लगेच घ्यावी लागतात, कारण काही मिनिटांतच ते द्रव्य सांध्यातील पाण्यात झिरपते आणि अस्तर कुठे संपते व पाणी कुठे सुरू होते ते ओळखू येत नाही.